रस्ता नसलेला किल्ला

संग्रहालयातल्या बाई गुरुवारी येऊन गेल्या आणि रविवारी सगळे घरात हजर झाले. एरवी दादांसाठी जमायचं म्हटलं, की एकाची मीटिंग आडवी यायची नाहीतर दुसरीची पाठ धरायची. या खेपेला कोणालाच दुसरा फोन करावा लागला नाही. जिन्यात पावलं वाजली तेव्हा थोरली सून दादांची, म्हणजे सासऱ्यांची, चादर बदलून हात धूत होती. धाकटे दीर, जाऊ आणि नणंद एकदमच वर येत होते. म्हणजे खालीच गाठ पडली असणार, आणि बोलणंही खालीच सुरू झालं असणार.

"वर गेल्यावर बोलू ना," धाकटा म्हणत होता.

"वर गेल्यावर काय वेगळं बोलणार आहेस?" नणंदेचा आवाज.

थोरलीनं दार उघडलं. चेहऱ्यावर हसू आणायला तिला हल्ली थोडा वेळ लागायचा. पूर्वी ते आपोआप यायचं.

"या. आधी दादांना भेटून घ्या. मग चहा टाकते."

तिघं दादांच्या खोलीत शिरली. धाकटा पुढे. तो घरं बांधायचा, स्वतःचंही नुकतंच बांधून झालं होतं. त्याच्या मागे त्याची बायको, दातांची डॉक्टर, बोलायला मोजकी. शेवटी नणंद, वसंतात बँकेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. पन्नाशी ओलांडली तरी थोरल्या भावाच्या तोंडी ती अजून छकुलीच होती. धाकटा ताई म्हणायचा. तिघांनी आत पाऊल टाकलं आणि तिघांची नजर आधी भिंतीवर गेली, मग पलंगावर. थोरलीला ते दिसलं. आपल्याला हल्ली असलंच काहीतरी दिसतं, याचाही तिला कंटाळा आला होता.

भिंतीवर तो किल्ला होता. घरात त्याला कोणी चित्र म्हणत नसे. किल्ला पुसला का, किल्ल्याखालचा दिवा लाव, असंच बोलणं. दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढं रुंद ते तैलचित्र, सोनेरी चौकटीत बसवलेलं. काळ्या कातळावर उभा किल्ला, एक बुरूज ढासळलेला. वर ढगांची दाटी, त्यातून जेमतेम डोकावणारा चंद्र. खाली शाईसारखं तळं, तळ्यात एक होडी, होडीत पाठमोरी दोन माणसं. काठावर पानं झडलेलं झाड. कुणा परदेशी चितारानं दीडशे वर्षांपूर्वी काढलेलं. सही पुसट होती, पण काम अस्सल आहे असं संग्रहालयातल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं. विजेरीचा उजेड तिरका पाडून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या होत्या, आणि मग चौकट जराशी पुढे ओढून मागे बोट फिरवल्यावर त्यांचा चेहरा पडला होता. भिंतीत ओल. कापडाच्या पाठीवर बुरशी. "या भिंतीवर हे आणखी एक पावसाळा काढणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही ठेवा किंवा आम्हाला द्या. पण इथून हलवा."

"कसे आहात दादा?" धाकट्यानं वाकून विचारलं.

दादांनी उजवा हात उचलला आणि खाली ठेवला. झटका आला त्याला सहा वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर त्यांना बोलताच येत नव्हतं. मग एकेक शब्द परत आला, पण प्रत्येक शब्द कुठूनतरी लांबून ओढून आणावा तसा. त्यामुळे माणसं त्यांच्याशी बोलायची आणि उत्तर यायच्या आत पुढचं बोलायची. शेवटी तेही थोडक्यात आटपायला लागले होते.

"बघा, कसे बघतायत किल्ल्याकडे," नणंद गहिवरून म्हणाली. "पलंग इथं लावायचा हे मीच ठरवलं ना. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी."

थोरलीनं खाली पडलेला टॉवेल उचलला आणि ती चहा टाकायला गेली.

तिचा नवरा दुकान बंद करून वर आला, तोवर टेबलावर कप लागले होते. तळमजल्यावर आजोबांचं घड्याळांचं दुकान होतं. दादांनी ते हात थरथरायला लागेपर्यंत चालवलं आणि मग थोरल्यानं तिथं औषधांचं दुकान काढलं. तो भला माणूस होता. कुणालाही दुखवायचं नाही हे त्यानं लहानपणीच ठरवून टाकलेलं असावं. त्यामुळे कुठल्याही प्रश्नावर तो 'पाहू' म्हणायचा, आणि तो पाहीपर्यंत ते काम थोरलीनं करून टाकलेलं असायचं.

"मी सरळच बोलतो," धाकट्यानं सुरुवात केली. "आमच्या हॉलची भिंत तुम्ही पाहिलीयत. उंच आहे, कोरडी ठणठणीत आहे. किल्ला तिथं शोभेल. बांधतानाच माझ्या मनात होतं."

"काय मनात होतं?" नणंदेनं कप खाली ठेवला. "दादा आत पडलेत आणि तू भिंती मोजून ठेवल्यास?"

"शब्दात पकडू नकोस ताई. ओल मी आणली का भिंतीत?"

"आईनं मला सांगितलं होतं. किल्ला छकुलीला."

"कधी? कुणासमोर?"

"आई आणि लेक बोलतात तेव्हा चार माणसं साक्षीला बोलावतात का रे?"

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. ती बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत राहिली. आजवर अशा वेळी ती नवऱ्याच्या बाजूनं चार मुद्देसूद वाक्यं बोलायची. दुकानाच्या वाटणीच्या वेळीही बोलली होती, आणि त्यावरून नणंदेनं तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. आज ती गप्प होती, आणि त्यामुळे धाकट्याचा आवाज उगाचच चढत होता.

"मला काय वाटतं," थोरला हळूच म्हणाला, "संग्रहालयाला देऊन टाकावं. कुणाचंच नको म्हणजे..."

त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. इतका वेळ एकमेकांवर तुटून पडलेली बहीणभावंडं एका क्षणात एक झाली.

"घरची वस्तू परक्यांच्या गोदामात?" नणंद कडाडली.

"लावणारही नाहीत ते. गुंडाळून ठेवतील." धाकटा.

"आजोबांना त्या मोठ्या घरच्या मालकीणबाईंनी प्रेमानं दिलेला किल्ला. इतकी वर्षं त्यांचं घड्याळ सांभाळलं म्हणून. आणि तू देऊन टाकायला निघालास?"

"आणि दादा? दादांचा जीव आहे त्याच्यात. रोज उठल्यापासून झोपेपर्यंत तेच बघतात. समोरून काढलंत तर..."

"खचतील."

"खचतीलच."

 बहीणभावांनी एकमेकांकडे जरा आपुलकीनं पाहिलं आणि मग मार्ग निघायला वेळ लागला नाही. धाकट्यानं खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेवर खोलीचा आराखडाच काढला. किल्ला भिंतीवरून उतरवायचा, पण खोलीतच ठेवायचा. भिंतीपासून हातभर पुढे एक लाकडी घोडा करून त्यावर. दादांच्या समोरच. दादा आहेत तोवर तो इथं, पुढचं पुढे बघता येईल.

"हवा मात्र खेळती पाहिजे," तो म्हणाला. "सकाळी खिडक्या उघडायच्या, ऊन आलं की बंद करायच्या. रात्री वरून सुती कापड टाकायचं, सकाळी काढायचं. दमटपणा मोजायचं एक यंत्र मिळतं, ते मी आणून देतो. दिवसातून दोनदा बघायचं फक्त."

"पाठीमागची बुरशी मऊ ब्रशनं झटकावी लागेल ना? बाई म्हणाल्या होत्या," नणंदेनं आठवण केली.

"हो, तेही. आठवड्यातून एकदा."

"पण हे सगळं करणार कोण?" थोरल्यानं विचारलं.

"वहिनी आहेतच की," नणंद म्हणाली.

हे वाक्य थोरलीनं या घरात इतक्यांदा ऐकलं होतं, की ते आता तिला ऐकूही येत नसे. आज मात्र ते ऐकू आलं. तिच्या हातात किटली होती. ती तिनं ओट्यावर नेऊन ठेवली, परत आली, खुर्ची ओढली आणि बसली. सगळ्यांच्या चहाच्या वेळी ती बसते हीच नवलाची गोष्ट होती, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढच्या सोमवारी मी जातेय. सर्वेक्षण कार्यालयातून बोलावणं आलंय. पुरानंतर नदीनं मुखापाशी पात्र बदललं, जुने नकाशे कुचकामी झालेत. नव्यानं मोजणी करायचीय. हिवाळा संपेपर्यंत तिकडेच राहायचंय. मी हो म्हटलंय."

 तिचा नवरा तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं ती त्या कार्यालयात नकाशे काढायची. दादांना झटका आला तेव्हा तिनं रजा घेतली. रजा वाढवली, पुन्हा वाढवली, आणि एके दिवशी तिथून टेबलाच्या खणातल्या तिच्या वस्तू खोक्यात घालून घरपोच आल्या. त्या आठवड्यात दादांना ताप होता. खोकं उघडायलाही तिला वेळ झाला नाही.

"आणि किल्ल्याचं म्हणाल," ती पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढवायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "दादांचा जीव आहे ना त्याच्यात? मग दोघांची ताटातूट कशाला? किल्ला जिथं जाईल तिथं दादा जातील. ठरवा तुम्ही."

 धाकट्यानं पेनाचं टोपण लावलं. "वहिनी, म्हणजे, तसा काही प्रश्न नाही. पण आमचं घर उतारावर आहे ना. तीन पातळ्यांवर. जिकडेतिकडे पायऱ्या. दादांची खुर्ची कशी फिरवणार?"

"दादा खुर्चीत बसून फिरतात कुठं, भावजी?"

"तेही खरं, पण..."

"माझ्याकडे लिफ्ट आहे," नणंद म्हणाली आणि आपणच काय बोलून गेलो हे कळून घाईनं पुढे म्हणाली, "पण सारखी बंद पडते."

तेव्हा जाऊनं कप बाजूला सारला. "खरं सांगू का?" ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "आम्हाला चित्र हवं होतं. दादा नको होते. वहिनी बोलेपर्यंत मला ते माझं मलाच कळलं नव्हतं. आता कळलंय, तर निदान पायऱ्यांची कारणं नकोत द्यायला."

"अगं काय बोलतेस?" धाकट्याचा चेहरा लाल झाला.

"मलाही लाज वाटतेय. पण तोंड दुसरीकडे फिरवून बसण्यापेक्षा हे बरं."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. ऐकत थांबायची तिला इच्छा नव्हती. नवरा तिच्या मागोमाग आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"सगळ्यांसमोर कळावं मला? शेजाऱ्यासारखं?"

"परवापासून सांगायचं म्हणत होते." तिनं नळाखाली कप धरला. "विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

तो विचार करू लागला. प्रामाणिक माणूस, त्यामुळे खरोखरच विचार करू लागला.

"पाहू म्हणालो असतो," शेवटी तो म्हणाला.

"हं."

"तू मला कधी म्हणालीसच नाहीस, की दमलीस म्हणून."

"म्हणायला लागतं का?"

"मला लागतं," तो म्हणाला. "मी तसाच आहे. मला सांगावं लागतं."

ती वळली. त्याच्या नाकावर दुकानातल्या चष्म्याचा वळ होता. त्याच्यावर चिडायचं तिनं किती दिवस मनात योजून ठेवलं होतं, आणि आता चिडायची वेळ आली तर नुसतं खाली बसावंसं वाटत होतं.

"मी दमलेय," ती म्हणाली. "झोपून जाणारा थकवा नाही हा. सकाळी उठते तीच दमलेली."

तो काही बोलणार, तेवढ्यात बाहेर आवाज वाढले. नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. बाकी कुणाकडूनही चालले असते, पण धाकट्या भावजयीकडून खरेपणाचे धडे तिला नको होते.

"नेते मी! दोघांनाही नेते! किल्लाही आणि दादाही!"

"चित्रासाठी दादांना नेणार?" धाकटा.

"आणि तू? चित्र भिंतीवर लावणार, पण वडलांना दारातही उभं करणार नव्हतास!"

"आता हे तू..."

ठक, ठक, ठक. आतून आवाज आला. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर कुणीतरी पेला आपटत होतं. कुणीतरी म्हणजे दादाच, दुसरं कोण असणार? पण इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं केलं नव्हतं. थोरली सवयीनं सगळ्यांच्या आधी धावली.

दादांना काही झालं नव्हतं. ते उशीवर जरा वर सरकून बसायच्या खटपटीत होते. तिनं पाठीमागे हात घालून त्यांना उचललं, दुसरी उशी सरकवली. बाकीचे दारात दाटीवाटीनं उभे राहिले.

"ऐकू... येतं," दादा म्हणाले. "सगळं."

कुणी मान वर केली नाही.

"दादा," नणंद पुढे झाली, डोळे पुसत. "तुम्हीच सांगा. किल्ला घेऊन माझ्याकडे येता का? तिथंही असाच समोर लावू."

"नको."

"मग इथंच राहू दे? घोड्यावर ठेवू, धाकट्यानं सगळं..."

"उतरवा." दादांनी श्वास घेतला. या वेळी मात्र कुणी मध्ये बोललं नाही. "नाही आवडत. मला. ते."

"काय नाही आवडत?"

त्यांनी बोट वर केलं. बोट भिंतीकडे होतं.

"किल्ला?" थोरला म्हणाला.

"पहिल्यापासून नाही आवडत," दादा म्हणाले, आणि आता वाट मोकळी झाल्यासारखे शब्द थोडे भरभर यायला लागले. "लहान होतो. चुकलो, की वडील त्याच्यासमोर बसवायचे. हलायचं नाही. मी त्या होडीकडे बघायचो. ती पोचतच नाही. कधीच. आता म्हातारपणी पुन्हा... समोर बसवलंत."

नणंदेनं तोंडावर हात ठेवला. पलंग तिनं लावला होता. स्वतःच्या हातानं, रडत रडत, किती प्रेमानं.

"दादा, मग बोलला का नाहीत?"

"बोलता येत नव्हतं. नंतर यायला लागलं, तोवर..." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "ही रोज पुसायची. जपून. म्हटलं, हिला आवडतं. राहू दे."

"मला?" थोरली म्हणाली.

तिला आधी नीट कळलंच नाही. रोज सकाळी खुर्चीवर चढून ती ते पुसायची, ते दादांचं मन त्यात रमतं म्हणून. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला तो किल्ला खटकत होता. नकाशे काढणारा तिचा डोळा. चंद्र एका बाजूला आणि उजेड भलत्याच बाजूला. आणि एवढा थोरला किल्ला, पण वर जायला रस्ताच नाही. ना पायवाट, ना पायऱ्या. आतली माणसं कशी गेली असतील वर, आणि गेली तर बाहेर कशी पडणार, हा विचार तिच्या मनात फडकं मारताना रोज यायचा, आणि रोज ती तो फडक्याबरोबर झटकून टाकायची.

"मला तर ते बघवत नाही, दादा," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी पुसत होते."

दादांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. ते हसत होते. तिलाही हसू फुटलं, आधी नाकातून, मग आवरेना. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दारातल्या लोकांना हसावं की काय करावं हे कळत नव्हतं. मग जाऊ हसायला लागली.

"निदान आजोबांना तरी आवडायचं ना?" धाकट्यानं केविलवाणेपणानं विचारलं. "मालकीणबाईंनी उगाच का दिलं? ते म्हणे तासन्‌तास त्याच्याकडे बघत उभे राहायचे."

दादांनी मान हलवली. "बाईंच्या घरी शेजारी घड्याळ होतं. किल्ल्याच्या शेजारी. भिंतीवर. मागे पडायचं सारखं. ते घड्याळाकडे बघायचे." ते दमले, थांबले. "बाईंना वाटलं, चित्राकडे. दिलं. नाही कसं म्हणणार?"

आता मात्र थोरलाही भिंतीला टेकून हसला. कुणालाच न आवडणारी वस्तू तीन पिढ्या भिंतीवर मिरवत होती. जो तो दुसऱ्याचं मन राखत होता, आणि तिच्यावरून आज भावंडं एकमेकांच्या उरावर बसली होती. हसणं सरलं तेव्हा खोलीत एक रितेपण उरलं. नणंद अजून तोंडावर हात ठेवून उभी होती. थोरलीनं उठून तिचा दंड धरला.

"वन्सं, तुम्ही प्रेमानंच केलंत."

"सहा वर्षं, वहिनी."

"आम्ही तरी कुठं विचारलं त्यांना?"

"मग तुम्हाला काय हवंय, दादा?" थोरल्यानं विचारलं. तो पलंगाशी उकिडवा बसला होता, आणि त्याच्या आवाजात 'पाहू' नव्हता.

"खिडकी," दादा म्हणाले. आणि मग थोरलीकडे बोट करून, "ही जाऊ दे. शुक्रवारी सांगितलं मला हिनं. पाय चोळताना. हिला वाटलं, झोपलो."

शुक्रवारी तिनं ते खरंच सांगितलं होतं. डोळे मिटलेल्या माणसाला सांगून बघावं, तोंडातून कसं निघतं ते. तिचे कान गरम झाले.

किल्ला उतरवायला तिघं लागली. धाकटा आणि थोरला दोन बाजूंना, मध्ये जाऊ. चौकटीची तार खिळ्यात रुतली होती, ती निघेना. निघाली तेव्हा धाकट्याच्या अंगावर कोळिष्टकं आणि भिंतीचा पोपडा पडला. त्यांनी तो बोळात नेऊन तोंड भिंतीकडे करून उभा केला. धाकटा त्याच्या पाठीवरच्या बुरशीकडे जरा वेळ बघत राहिला.

"उद्या मीच फोन करतो संग्रहालयातल्या बाईंना," तो म्हणाला. बायकोनं त्याच्या केसांतली जळमटं काढली. त्याला ते बरं वाटलेलं दिसलं.

मग पलंग. त्याची चाकं गंजली होती. दादांना आतच ठेवून चौघांनी तो उचलून फिरवला. थोरली पुढे होणार तर जाऊनं तिला कोपरानं मागे सारलं. खिडकीचा पडदा बाजूला झाला. बाहेर नेहमीचा रस्ता होता, विशेष असं काही नव्हतं. समोरच्या केशकर्तनालयाच्या मालकानं खुर्ची बाहेर काढून ठेवली होती आणि तो तीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. एक बाई गाडी लावायचा प्रयत्न करत होती. जागा पुरत नव्हती, ती पुढे घ्यायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे.

"नाही बसणार," दादा म्हणाले.

"बसेल," थोरला म्हणाला.

"पैज?"

गाडी बसली नाही. बाई वैतागून निघून गेली आणि दादांनी समाधानानं मान हलवली.

पुढचं ठरायला वेळ लागला, पण आवाज चढले नाहीत. दादांना हलवायचं नाही, खिडकी इथंच आहे. नणंद इथं राहायला येणार, हिवाळाभर. "निवृत्त झाल्यापासून मी सकाळी उठून कपडे करते आणि मग जायचं कुठं हे आठवत नाही," असं ती अचानक म्हणाली, कुणीही न विचारता. रात्री थोरला बघणार. धाकटा दर शनिवारी येणार असं म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी विश्वास बसल्यासारखं दाखवलं. जाऊ मात्र म्हणाली, "मी बुधवारी दवाखाना बंद ठेवते. बुधवार माझा." तो शब्द तिनं पाळला, हे इथंच सांगून टाकायला हवं. धाकट्याचे शनिवार महिन्याला एकावर आले. नणंदेनं पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करून रडून घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात फोनच करायची विसरली. किल्ला संग्रहालयात गेला. बुरशी काढून त्यांनी तो मागच्या दालनात लावला, आणि घरातलं कुणीही तो बघायला गेलं नाही.

पण त्या रविवारी यातलं काही अजून घडलं नव्हतं. धाकटा आणि जाऊ गेली. नणंद रात्रीपुरती राहिली, सवय व्हावी म्हणून. बाहेर उजेड कमी होत होता. थोरली आणि तिचा नवरा टेबलाशी बसले होते, उरलेला चहा गार झाला होता तो तसाच पीत.

"नदीच्या मुखाशी थंडी असते का फार?" त्यानं विचारलं.

"वारा असतो."

"माझा जाड कोट घेऊन जा."

"तुमच्या बाह्या मला लांब होतात."

"दुमडून घे."

आतून नणंदेची हाक आली. "वहिनी! अहो वहिनी, यांना उशीवर वर कसं घ्यायचं?"

थोरली अर्धी उठली होती. नवऱ्यानं कप ठेवला.

"मी बघतो."

तो गेला. आतून दोघांची कुजबुजती भांडणं ऐकू यायला लागली, तू पाय धर, अगं पाय नाही, काखेत हात घाल, अरे पडतील ते. मग दादांचा सावकाश, तुटक, पण हुकमी आवाज आला. डावीकडून. आधी डावीकडून. हं, आता.

थोरली ऐकत होती. उजवीकडची उशी कोणी सरकवली नसणार, हे तिला न बघता माहीत होतं. ती तशीच, अर्धी उठलेली, क्षणभर थांबली. मग खाली बसली, समोरची खुर्ची पायानं जवळ ओढली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवले.